समोरून गाडी येईना

कऱ्हाडहून त्या रात्री चिपळूणकडे जाणारी आमची एसटी वीस मिनिटं उशिरा हलली आणि उशीर माझ्यामुळेच होता. उजव्या हेडलाइटचा बल्ब पिवळा पडला होता. जळतोय, पण उजेड चार पावलांपलीकडे जात नाही अशातली गत. तो बदलून होईपर्यंत मी गाडी काढली नाही. हातासरशी पुढची काच आतूनही पुसून घेतली. आतून पुसायला बरेच जण विसरतात. श्वासाचा आणि धुळीचा थर बसलेला असतो, समोरच्या गाडीचा अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांबवर जाणारा झोत, त्यावर पसरला की सगळी काच दुधाळ होते. बाहेरून चिमूटभर तंबाखू चोळली, म्हणजे पाणी थेंब धरून न बसता सरळ वाहून जातं. माझ्या तंबाखूचा एवढा एकच उपयोग घरी मान्य आहे.

जूनचा दुसरा आठवडा. कऱ्हाडात अजून धूळ उडत होती, पाटण सुटलं तशी वाऱ्याला ओल आली आणि कोयनानगरच्या अलीकडे काचेवर पहिले थेंब पडले. मी एसटीवर चालक म्हणून बावीस वर्षं आहे. जुलैतल्या कोसळत्या पावसापेक्षा मला ही पहिली सर जास्त नकोशी वाटते. सात-आठ महिने रस्त्यावर सांडलेलं ऑइल, डिझेल, टायरचा भुगा, माती, सगळं त्या पहिल्या पाण्यानं सुटतं आणि डांबराला साबण लावल्यागत होतं. दोन-चार दिवस पावसानं झोडपलं की रस्ता धुऊन निघतो, तेव्हा निदान टायर कशावर तरी टेकलाय हे सीटखाली जाणवतं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी अशाच एका सरीत वळणावर मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो होतो. मागची चाकं जाम झाली आणि गाडीचं बूड माझ्या शेजारून पुढे जायला निघालं. आरशात मला माझ्याच गाडीचा मागचा टायर रस्त्याबाहेर जाताना दिसला. कठड्याला घासून थांबली. तेव्हापासून पावसात माझा ब्रेक वळणाच्या आधी संपतो, वळणात पाय नुसता टेकलेला.

हेळवाकला धुकं लागलं. धुक्यात अप्पर लावला तर समोर चुन्याची भिंत उभी राहते, म्हणून डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडावर, आणि रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चाललो होतो. ही पट्टी म्हणजे रात्रीचा काठी धरलेला हात. समोरून कुणी अप्पर मारत आला तरी मी त्याच्या दिव्याकडे बघतच नाही, पट्टी सोडत नाही. डोळा एकदा दिपला की पुढचे काही सेकंद तुम्ही आंधळे, आणि गाडी काही तेवढ्यासाठी थांबत नाही.

प्रशिक्षणात आम्हाला फळ्यावर हिशेब मांडून दाखवला होता. ताशी साठच्या वेगानं गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. डिपरचा कामाचा उजेड चाळीस-पन्नास मीटर. दिसेपर्यंत आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत निम्मा उजेड संपलेला असतो, उरलेल्यात भरलेली गाडी ओल्या डांबरावर थांबत नाही. घाटात तर साठचा प्रश्नच नाही. कुंभार्लीच्या उताराला मी दुसऱ्या गिअरवर होतो. माझ्या उस्तादानं घातलेली अट आजही पाळतो: ज्या गिअरवर घाट चढशील त्याच गिअरवर उतर. मागे एक पांढरी कार हॉर्न देत होती. जागा मिळताच ती बाजूनं सुसाट निघून गेली.

मग काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळेना. इंजिन ठीक, ब्रेकच्या हवेचा काटा ठीक. दोन वळणं गेल्यावर लक्षात आलं: समोरून गाडी येत नाही. रात्री साडेदहाला या घाटात चिपळूणकडून ट्रक चढत असतात. गाडी दिसायच्या आधी तिचा उजेड पलीकडच्या डोंगरावरून फिरतो, त्यावरूनच आम्ही वळणाआधी गाडी आवरती घेतो. त्या रात्री डोंगर काळाच होता.

मॅडमना, म्हणजे आमच्या वाहकांना, विचारलं, ‘‘समोरून शेवटची गाडी कधी आली?’’

त्या तिकिटांचा हिशेब लावत होत्या. ‘‘वर हेळवाकला दूधगाडी गेली ना, मामा. त्यानंतर नाही बघितली.’’

तेवढ्यात हेडलाइटमध्ये रस्ता आडवा वाहताना दिसला. पावसाचं पाणी नव्हतं ते. लाल, घट्ट, बारीक खडे घेऊन डोंगराकडून येणारं पाणी होतं. मी गाडी थांबवली.

खरं सांगायचं तर खात्री नव्हती. मागून आवाज सुरू झालेच. चिपळूणहून पहाटेची रेल्वे धरायची असलेले एक गृहस्थ पुढे येऊन म्हणाले, ‘‘आधी वीस मिनिटं घालवलीत, आता चिखल बघून थांबलात होय?’’ उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी हँडब्रेक लावला, गिअर टाकला, चाकांपुढे दगड लावले आणि बॅटरी घेऊन पुढे चालत गेलो.

दीड-दोनशे पावलांवर वळणापलीकडे ती पांढरी कार तिरकी उभी होती. बॉनेट मातीत रुतलेलं. मातीचा ढिगारा पार पलीकडच्या कठड्यापर्यंत, मध्ये मुळांसकट आलेलं झाड. कारवाला रस्त्यावर बसून होता, कपाळाला खोक, बाकी धड. ‘‘एकदम आलं समोर,’’ एवढंच म्हणत होता. ते एकदम आलेलं नव्हतं, आधीपासून तिथेच होतं. त्याचा उजेडच तिथवर उशिरा पोचला.

मला त्या क्षणी आठवली ती महाडची सावित्री. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात तो ब्रिटिशांच्या काळचा पूल गेला आणि आमच्या दोन गाड्या प्रवाशांसकट पाण्यात गेल्या. त्यानंतर कित्येक दिवस डेपोच्या विश्रांतीगृहात एवढंच बोलणं असायचं, की त्या चालकांना समोर काय दिसलं असेल. रोजचा रस्ता. पूल असणारच म्हणून गाडी घातली असणार. आपणही घातली असती.

कारवाल्याला घेऊन परत आलो तर मॅडम गाडीच्या मागे उभ्या. म्हणाल्या, ‘‘मामा, आपण वळणाच्या लगेच पुढे थांबलोय. वरून येणाऱ्याला दिसणार कसे?’’

बावीस वर्षं नोकरी, आणि मी नुसता पुढचाच विचार करत होतो. पार्किंग लाइट चालू होते, पण वळणामागून ते कुणाला दिसणार? गाडी जराशी पुढे घ्यावी तर लाल पाणी, मागे घ्यावी तर अंधारात वळण. प्रवाशांना उतरवून डोंगराचा कडा टाळून कठड्याच्या बाजूला उभं केलं. मॅडमनी दोन पोरं बरोबर घेतली, बॅटरी घेतली आणि वर चालत जाऊन वळणाच्या अलीकडे रस्त्यावर फांद्या टाकल्या. घाटात फांद्या पडलेल्या दिसल्या की पुढे काहीतरी आडवं आहे, हे कुणाला सांगावं लागत नाही.

दहा मिनिटं गेली असतील. वरून फक्त टायरचा सळसळ आवाज आला, इंजिनाचा नाहीच. म्हणजे न्यूट्रल. पोरं ओरडली, बॅटरी हलली, मग एअरब्रेकचा फुसकारा आणि वळणातून एक ट्रक आडवा होत घसरत आला. त्याच्या हेडलाइटमध्ये आमची गाडी एका क्षणात लालभडक झाली. मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर थांबला. जळक्या ब्रेक-लायनरचा वास धुक्यातसुद्धा नाकात गेला.

चालक उतरला तो थरथरतच. पंचविशीचा असेल. ‘‘डिझेल वाचवत होतो,’’ म्हणाला. त्याला ओरडावं असं मनात होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. वाचून वाचणार किती? एखादा लिटर. न्यूट्रलवर गाडी सोडली की सगळा भार ब्रेकवर, आणि तापलेला ब्रेक बरोबर नको तिथे साथ सोडतो. फांद्या बघून वळणाआधीच ब्रेकवर पाय ठेवला म्हणून भागलं.

फोनला रेंज नव्हती. नंतर वर आलेल्या एका मोटारसायकलवाल्याला परत पाठवून पोलिसांना निरोप दिला. खालच्या बाजूनं जेसीबी आला तेव्हा फटफटत होतं. कारवाल्याच्या कपाळाला मॅडमनी पट्टी बांधलेली, त्यांच्याच ओढणीची. फर्स्टएडच्या पेटीतली तोकडी पडली.

रस्ता एका गाडीपुरता मोकळा झाल्यावर मी चाकांपुढचे दगड उचलून कडेला टाकले, फांद्याही ओढून घेतल्या. आपली गाडी निघाली की दगड तिथेच सोडून जाणारे चालक मला माणसांतले वाटत नाहीत. पुढच्या रात्री दुचाकीवाला त्यावर येतो.

पोफळीला चहा झाला. रेल्वेवाले गृहस्थ चिपळूण येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरताना पिशवी खांद्याला लावत त्यांनी विचारलं, ‘‘पुढची गाडी कितीला आहे हो?’’

मी म्हणालो, ‘‘रेल्वेचं मला काय विचारता!’’