सोळा इंचांचं घर

आपल्याकडे गवंडी, प्लास्टरवाले आपलं काम उरकून गेले की मग दारं-खिडक्यांना सुतार येतो. इथे कॅनडात, ओंटारियोमध्ये, तळघराचं काँक्रीट झालं की थेट सुतारांची टोळी येते आणि अख्खं घर तीच उभं करते. आमच्या समोरच्या प्लॉटवर सध्या हेच चाललंय, आणि खिडकीपाशी माझा चहा रोज गार होतोय.

भिंत आधी आडवीच बांधतात. खालची आणि वरची पट्टी शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर एकदमच खुणा करायच्या: एक रेघ, आणि रेघेच्या ज्या बाजूला उभा दांडा येणार तिकडे फुली. दांडे 16 इंचांवर, मध्यापासून मध्यापर्यंत. सुताराच्या टेपवर दर 16 इंचांना वेगळी खूण छापलेलीच असते. हिशेब सरळ आहे. वरून ठोकायची शीट 8 फुटी, म्हणजे 96 इंच. त्यात सोळाचे बरोबर सहा भाग पडतात आणि शीटची कड दांड्याच्या ऐन मध्यावर येते. फुली चुकीच्या बाजूला पडली की दांडा दीड इंच सरकला, आणि कडेला खिळा मारायला लाकूडच नाही! (दीडच इंच, कारण ज्याला सगळे ‘टू बाय फोर’ म्हणतात तो भरतो दीड बाय साडेतीन.)

मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं लाकूड पारखणं. प्रत्येक दांडा उचलायचा, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत बघायचा, बाक कुठल्या अंगाला आहे ते पेन्सिलीने बाणाने दाखवायचं. थोडा बाक चालतो, पण सगळ्यांचा एकाच बाजूला हवा. एक आत, एक बाहेर झाला की भिंतीला लाटा येतात. फारच वाकडा असेल तर तुकडे करून आधाराला वापरतात.

मग खिळे मारणाऱ्या नेलगनचा कडकडाट, आणि चार-पाच जण मिळून भिंत उचलून उभी करतात.

हे दिसतं तितकं सोपं नाही. ओंटारियोत सुतारकामाची उमेदवारी, म्हणजे शिकाऊ म्हणून काम, 7200 तासांची आहे. ‘रेड सील’ परीक्षा पास झालात तर इतर प्रांतांतही मान्यता मिळते.

सांगाडा बांधकाम तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने पाहिल्याशिवाय झाकता येत नाही. एकदा ड्रायवॉल (आतून लावायचा जिप्समचा पत्रा) लागला की दांडे गायब. नंतर जड शेल्फ लावायचं तर भिंतीवर टकटक करत ते शोधत बसा. नुसत्या ड्रायवॉलमध्ये स्क्रू मारलात, तर पुस्तकांसकट शेल्फ खाली येईल.