पैलवानाचा कान मोडतो म्हणजे आत नेमकं काय होतं

गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत जा. जुन्या पैलवानांचे कान चुरगळून गाठाळलेले दिसतात. कोल्हापुरात या कानाला मान आहे. पण नव्या पोराचा कान पहिल्यांदा सुजतो, तेव्हा तो वाचवायला हातात मोजकेच दिवस असतात. वस्तादांनी आणि घरच्यांनी हे ओळखायला हवं.

बाहेरच्या कानात हाड नाही. खालची मऊ पाळी सोडली तर आकार दिलाय तो लवचिक कास्थीनं, म्हणजे हाडापेक्षा मऊ, वाकणाऱ्या भागानं. या कास्थीत स्वतःची रक्तवाहिनी एकही नसते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी एक पातळ आवरण चिकटलेलं असतं, त्यात रक्तवाहिन्या असतात, आणि कास्थीला जे काही मिळतं ते या आवरणातूनच झिरपतं. कानाच्या पुढच्या बाजूला कातडीखाली चरबी जवळपास नाहीच, त्यामुळे कातडी, आवरण आणि कास्थी एकमेकांना घट्ट धरून असतात. पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडताना, डोकं त्याच्या मांडीवर दाबून घासलं जातं, किंवा घिस्सा बसतो, तेव्हा कातडी एकीकडे आणि कास्थी दुसरीकडे सरकते. आवरण सुटतं, वाहिन्या तुटतात, मधल्या फटीत रक्त साचतं. सरळ बसलेल्या ठोशापेक्षा ही रगड जास्त घातक.

आता कास्थी उपाशी पडते. साधारण सात ते दहा दिवसांत साचलेलं रक्त घट्ट होतं आणि सुटलेल्या आवरणातल्या पेशी तिथं नवी, वेडीवाकडी कास्थी बनवू लागतात. एकदा ती बनली की सुईनं काही निघत नाही, मग शस्त्रक्रियाच.

ओळख सोपी आहे. कानाच्या वरच्या भागात पुढून निळसर-तांबूस, दाबल्यावर लिबलिबीत फुगवटा येतो आणि वळ्या बुजतात. त्याच दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं धरावा, अ‍ॅस्पिरिन टाळावी, आणि एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही हा विभाग आहे.

तालमीतच सुई टोचून रक्त काढायची सवय मात्र खरंच सोडा. नुसतं रक्त काढलं तर पोकळी तशीच राहते आणि पुन्हा भरते. डॉक्टर छेद देऊन गाठ साफ करतात, नंतर कानाच्या पुढे-मागे कापसाच्या किंवा गॉजच्या गुंडाळ्या ठेवून आरपार टाके घेतात. हा दाब सुमारे आठवडाभर राहिला तरच आवरण कास्थीला परत चिकटतं. दाब हाच खरा उपचार. तोवर आखाड्यात उतरायचं नाही, आणि पुढेही दोनेक आठवडे तरी कुस्तीची जोड नको.

अस्वच्छ सुईचा दुसरा धोका जंतूंचा. आखाड्याच्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल घातलेलं असलं तरी ती निर्जंतुक नसते. कान लालबुंद, गरम झाला, ठणकू लागला, ताप आला, पण खालच्या पाळीवर लाली नाही, तर जंतू कास्थीच्या आवरणात शिरलेत असं समजा. पाळीत कास्थी नसल्यानं ती यातून वाचते. इथं त्याच दिवशी दवाखाना, नाहीतर कास्थी विरघळून कान कायमचा बसतो.

ऐकण्याचं यंत्र कवटीच्या हाडात खोल असतं, त्यामुळे कान मोडल्यानं बहिरेपण येत नाही. कानाच्या नळीचं तोंडच दबलं तर मळ अडकून ऐकू कमी येतं, तेवढंच. पण मार लागल्यावर लगेच चक्कर आली, कानातून रक्त आलं किंवा ऐकू येईनासं झालं, तर इजा आतली आहे, फुगवट्याचं नंतर बघा.

सरावात कान झाकणारा पट्टा बांधला की रगड बरीच कमी होते. एकदा सुजलेल्या कानाला तर तो लागतोच, कारण सुटून चिकटलेली जागा पुन्हा लवकर सुटते.