'द मूनस्टोन': दारावरच्या डागापर्यंत

विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' ही रहस्यकादंबरी अखेर हातात घेतली. तपासाला आलेला पोलीस गुप्तहेर सार्जंट कफ दारावरचा डाग न्याहाळतोय, तिथवर आलेय. इथेच खूण घालून अंदाज लिहून ठेवते, म्हणजे नंतर 'मला आधीच कळलं होतं' म्हणायची सोय नको.

सुरुवात १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीने. हर्नकॅसल नावाचा इंग्रज अधिकारी तिथून हिरा लांबवतो आणि मरताना भाचीला, रेचलला, वाढदिवसाची भेट म्हणून ठेवतो. ज्या बहिणीने दारातूनच परत पाठवलं, तिच्या मुलीला? मला तर हा सूडच वाटतो. आणि वाढदिवसाच्याच रात्री रेचलच्या खोलीतून हिरा चोरीला जातो.

हिऱ्याच्या मागावरचे तीन ब्राह्मण चोर नाहीत, लावा पैज! ही कादंबरी १८६८ मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः येत होती. वाचकाला आठवडेच्या आठवडे टांगून ठेवायचं, तर चोर पहिल्याच हप्त्यांत कोण दाखवेल?

आता डाग. रेचलच्या दाराला रंग दिलाय, वाळायला बारा तास. काम बुधवारी दुपारी तीनला संपलं. मध्यरात्री रेचलच्या मोलकरणीने, पेनेलोपीने पाहिलं तेव्हा रंग शाबूत होता. म्हणजे तो फिसकटला बारा ते तीनच्या मध्ये, आणि कुणाच्या तरी कपड्याला लागलेला असणार. आधीचा पोलीस अधिकारी हे मोलकरणींच्या घागऱ्यांवर ढकलून मोकळा होतो. खरं सांगायचं तर मीही ते पान भरभर उलटलं होतं. कफने अडवलं तेव्हा मागे जाऊन पुन्हा वाचलं.

हिरा रेचलचाच, तरी ती पोलिसांवरच का चिडलीये? तिने कुणाला तरी पाहिलंय, आणि तो माणूस तिच्या जवळचा आहे. रोझानावर माझा संशय नाही. पूर्वी चोरी केलेली मोलकरीण म्हणजे फारच आयती सोय. रेचलचा नातेवाईक गॉडफ्री मात्र जरा जास्तच सज्जन आहे. निवेदक बेटरेज प्रत्येक अडचणीत 'रॉबिन्सन क्रूसो' उघडून बसतो, इतका लाघवी म्हातारा की त्याच्यावरही थोडा संशय राखून ठेवलाय.

आणि एक खटकलेलं. झोप लागत नाही म्हणणाऱ्या फ्रँकलिनला, रेचलच्या दुसऱ्या नातेवाइकाला, डॉक्टर औषध सुचवतो, तर हा म्हणतो, औषध घेणं म्हणजे अंधारात चाचपडणं. त्यावरून वाढदिवसाच्या भर मेजवानीत जुंपते. हे भांडण हवंय कशाला? समासात पेन्सिलीने फुली मारलीये.

वाचून झालेल्यांनी कृपया तोंड उघडू नये. पुढची नोंद कपडा सापडल्यावर.