एम.ए.च्या वर्गात चित्रांची पुस्तकं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नागपुरात कुणालाही ‘बालसाहित्य शिकवते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या मोठ्या मुलांना चित्रांची पुस्तकं, आणि तीही इतकी जुनी, कशाला?

सुरुवात मी कोमेनियस या युरोपातल्या जुन्या शिक्षणतज्ज्ञाच्या १६५८ सालच्या, मुलांसाठीच्या चित्रांच्या पुस्तकापासून करते. त्यात पहिलं अक्षर कावळा शिकवतो, कारण तो ‘आ, आ’ ओरडतो. पुढे चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि तेच आकडे मजकुरातल्या शब्दांना. मूल आधी पाहतं, मग वाचतं, हे त्या माणसाला कळलं होतं. वर्गात हे सगळ्यांना आवडतं.

वाद पेटतो तो हाइनरिश हॉफमनपाशी. फ्रँकफुर्टचा हा डॉक्टर. तीन वर्षांच्या मुलासाठी नाताळात मनासारखं पुस्तक मिळेना, म्हणून त्याने कोरी वही आणून स्वतःच गोष्टी लिहिल्या, चित्रं काढली. १८४५ मध्ये ते पुस्तक छापून आलं. त्यातल्या एका गोष्टीत तीन मुलं एका काळ्या मुलाला चिडवतात. उंचापुरा निकोलस त्यांना मोठ्या दौतीत बुडवतो आणि ती त्याच्याहून काळी होऊन बाहेर येतात. चिडवू नका, अशी शिकवण. वर्ग माना डोलावतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणते, “म्हणजे मॅडम, काळं होणं हीच शिक्षा झाली नं!”

वर्ग एकदम चूप. शब्द एक सांगतात आणि चित्र भलतंच सांगून जातं, हे मी व्याख्यान देऊन कधीच इतकं पोचवू शकले नसते. जुनं पुस्तक म्हणूनच हवं. आजच्या पुस्तकातलं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, ते दिसत नाही.

नंतर मी ‘भीमायन’ उघडते. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढलेलं बाबासाहेबांचं हे चरित्र २०११ चं. त्यात विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, आणि मऊ बोलणाऱ्यांचे फुगे पाखरासारखे. दीक्षाभूमीच्या शहरात हे पुस्तक शिकवताना माझा आवाज दर वर्षी थोडा कापतो.

पुढच्या तासाला ती मुलगी सीताबर्डीहून ‘चांगल्या सवयीं’चा तक्ता घेऊन आली. दात घासणारा, नमस्कार करणारा, अभ्यास करणारा, सगळी मुलं गोरीपान. तिने तो फळ्याला चिकटवला आणि स्वतःच बोलायला उभी राहिली.