नाथसागराचा गाळ, समुद्राची रंगीत तालीम

उन्हाळ्यात कोकणातल्या एका खाडीतला गाळ आणायचा आमचा बेत आहे. त्यात मिथेनॉल, म्हणजे एक विषारी अल्कोहोल, खाऊन जगणारे जीवाणू शोधायचेत. पण संभाजीनगरच्या पोरांना समुद्र लांबचा. तिथं जाऊन पहिल्याच नळीला हात थरथरायला नको, म्हणून फेब्रुवारीत आम्ही चौघं पैठणला जाऊन आलो.

सेंट्रल बसस्टँडवरून लालपरीने ५० किलोमीटरच्या आसपास. प्रवासाचं काही विशेष नाही. परवानगीचं मात्र आधी बघा. जायकवाडीचा जलाशय, म्हणजेच नाथसागर, पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभागाकडे अर्ज महिनाभर आधी टाकलेला बरा. आणि रोहित पक्ष्यांचा थवा ज्या बाजूला दिसेल, त्याच्या उलट दिशेला चालायचं.

पाणी मागे सरकलं होतं आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर हरभऱ्याची गाळपेर झाली होती. तिच्या पुढचा पट्टा वरून टणक दिसतो, पाय टाकला की गुडघ्याएवढा आत. गमबूट घालू नका. पाय वर येतो, बूट तिथंच राहतो. आम्ही फळी नेली होती. फळीवर बसायचं आणि एकाने मागे काठावर दोर धरायचा.

हत्यार साधंच: ६० मिलीची सिरिंज, पुढचं तोंड हॅक्सॉने कापून सरळ नळी केलेली. दट्ट्या गाळाच्या पृष्ठभागावर टेकवून तिथंच स्थिर धरायचा आणि नळी खाली दाबायची. दट्ट्या सोबत खाली गेला की थर दबतात. बाहेर काढायच्या आधी बोटाने खालचं तोंड झाका, मग रबरी बूच. आमच्या पहिल्या तीन नळ्या वाया गेल्या.

एवढा आटापिटा थरांसाठी. ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच पोचतो, आणि मिथेनॉल खाणारे वर एक, खाली दुसरे असतात. समुद्राच्या गाळात रंगाने थर कळतात: वर तपकिरी, खाली काळं आणि सडक्या अंड्याचा वास. समुद्राच्या लिटरभर पाण्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं, त्यातून तो वास येतो. आपली काळी माती वरपासून खालपर्यंत काळीच. इथं डोळ्यांवर विसंबू नका, पट्टी लावून खुणा करा.

एक काका शेजारच्या हरभऱ्यात उभे होते. म्हणाले, "काय काढायलात?"

"गाळ, काका."

"एवढुसा? टिपर भरून न्या की."

म्हटलं, यातले बारीक जीव स्पिरिट पितात, ते शोधतोय. काका मिनिटभर गप्प. मग म्हणाले, "म्हंजी गाळातबी बेवडे हायेतच!"

पण हे स्पिरिट त्यांना कोण पाजतं? पालापाचोळा कुजताना त्यातल्या पेक्टिनमधून मिथेनॉल सुटतं. समुद्रात सूक्ष्म शैवालंही ते तयार करतात.

खरी चूक परतताना झाली. नळ्या बॅगेत आडव्या ठेवल्या होत्या, बिडकीनपर्यंत सगळ्यांचा काला झाला. एकीने दुधाच्या किटलीत बर्फ घालून दोन नळ्या उभ्या धरल्या होत्या, तेवढ्याच वाचल्या. बर्फाला नळी थेट टेकवू नका, मध्ये कापड हवं. मिथेनॉल मात्र सोबत नेऊ नका. ते विष आहे, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही आणि त्याच्यावर विषारी द्रव्यांचे नियम आहेत. ते प्रयोगशाळेतच बरं.

प्रयोगशाळेत तो गाळ मिथेनॉलच्या बाटल्यांत टाकला: निम्म्या बाटल्या साध्या, निम्म्यांत ३ टक्के मीठ. साध्या सहाव्या दिवशी गढूळ झाल्या, म्हणजे जीवाणू वाढले. मिठाच्या तीन आठवड्यांनीही काचेसारख्या स्वच्छ. समुद्रात मिथेनॉलवर ताव मारणाऱ्या मिथिलोफॅगाला सोडियम लागतं, त्याचं गोदावरीच्या गोड्या पाण्यात काय काम? पण जालन्याच्या हद्दीला लागून असलेल्या लोणारच्या खाऱ्या सरोवरातल्या गाळात याच घराण्यातला एक नवा जीवाणू सापडला. २०१२ साली त्याला मिथिलोफॅगा लोणारेन्सिस असं नाव मिळालं. समुद्र परवडत नसेल तर मी लोणारच सुचवेन, फक्त तिथंही आधी परवानगी.

मिथेनॉल कमीच घाला. जास्त घातलं की भराभर वाढणारे सगळं ताट साफ करतात आणि हळू वाढणारे, म्हणजे बहुतेकदा नवे, मागे पडतात. माध्यमात, म्हणजे जीवाणू वाढवायच्या द्रवात, सिरियम या दुर्मिळ धातूचा कणभर क्षारही टाका. इटलीतल्या ज्वालामुखीच्या चिखलातल्या एका जीवाणूचं मिथेनॉल पचवणारं एन्झाइम अशा दुर्मिळ धातूंशिवाय चालत नाही, हे २०१४ मध्ये कळलं. त्याआधी असे किती जीव आपल्या माध्यमांत उपाशी मेले असतील!

आणि प्रत्येक प्लेटच्या जोडीला मिथेनॉल न घातलेली एक प्लेट ठेवाच. अगारमधल्या, म्हणजे प्लेटमधल्या जेलीतल्या, भेसळीवरही काही जण आरामात जगतात. आमच्या पहिल्या प्लेटवर झकास गुलाबी कॉलन्या आल्या, फोटो काढून झाले, ग्रुपवर पेढे मागून झाले. मग जोडीची प्लेट उघडली. तिथंही तेवढ्याच, तशाच गुलाबी.