आप्पांच्या खोलीत कॅमेरा लावायचा नव्हता

गेल्या पावसाळ्यात आप्पा रात्री बाथरूममध्ये पडले आणि पाऊण तास तसेच पडून होते, आम्हाला पुढच्या खोलीत पत्ताच नाही. ताई म्हणाली सरळ कॅमेरा लाव. आप्पांचं आख्खं आयुष्य यंत्रमागावर चादरी विणण्यात गेलं, ते एवढंच म्हणाले, "मी काय चोर हाय का रे?" मला पण ते पटलं. म्हातारपणी स्वतःच्या खोलीत कुणी सतत बघतंय हे कुणालाच सहन होणार नाही.

मग दिवाळीत पीआयआर लावला, जिन्यातला लाईट आपोआप लागतो ना, त्यात असतो तो सेन्सर. थंडीत मस्त चालला. एप्रिल उजाडला आणि आप्पा समोरून चालत गेले तरी गप्प! दोन दिवस वायरी तपासत बसलो, मग डोक्यात आलं की हा सेन्सर अंगातून निघणारी उष्णता बघतो, म्हणजे खरं तर अंग आणि मागची भिंत यांच्यातला फरक बघतो. आपली कातडी असते ३३-३४ अंशाला, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीची भिंत पण दुपारी तेवढीच तापते, मग फरक उरतो कुठं? शिवाय त्याला हालचाल लागते, माणूस गाढ झोपला की त्याच्या लेखी खोली रिकामी. आणि मला तर नेमकं न हलणाऱ्या माणसाचंच कळायला पाहिजे होतं.

म्हणून आता रडार आहे, एलडी२४१० नावाचं बोटाएवढं मॉड्यूल, २४ गिगाहर्ट्झचं, ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डाला जोडलंय. याला ऊन-थंडीचं काही नाही. हे रेडिओ लाट सोडतं आणि अंगावर आपटून परत आलेली लाट बघतं. या लाटेची लांबी साडेबारा मिलिमीटर, त्यामुळे श्वासानं छाती १ मिलिमीटर जरी वर आली तरी परत येणाऱ्या लाटेची फेज, म्हणजे चढउतारातली तिची जागा, साधारण ५८ अंशांनी सरकते (एक आख्खी लाट म्हणजे ३६० अंश). म्हणजे झोपलेला माणूस श्वासावरून सापडतो, चेहरा नाही, फोटो नाही, काही नाही. हे मला फार आवडलं. आप्पांना पण सांगितलं, त्यांनी हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि लाव म्हणाले.

त्रास दिला तो कूलरनं. कूलर चालू झाला की पडदा हलतो आणि रडारला वाटतं माणूस आलाय. पण हे मॉड्यूल अंतराचे पाऊण-पाऊण मीटरचे टप्पे पाडतं आणि प्रत्येक टप्प्याची सेन्सिटिव्हिटी वेगळी ठेवता येते, मग पडद्याच्या टप्प्याची कमी केली, कॉटच्या टप्प्याची तशीच ठेवली. यात चार रात्री गेल्या. बाथरूमचा दरवाजा प्लास्टिकचा आहे, त्यातून लाट आरपार जाते, म्हणून दुसरं मॉड्यूल बाहेरच लावलं, आत पाण्यात ठेवायची गरजच पडली नाही. आत कोण आहे ते त्याला कळत नाही, कुणीतरी आहे एवढंच कळतं. रात्री वीस मिनिटांवर गेलं की माझा फोन वाजतो.

लाईट गेली की मात्र सगळंच बंद, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे ती जातेच. या रविवारी राऊटर आणि दोन्ही मॉड्यूल छोट्या यूपीएसवर टाकणार आहे.