नाव राहू दे, सूत्र सांग

"मॅडम, कुठंच सापडंना गेलंय. म्हणजे नवीनच हाय म्हणायचं ना?"

ऑगस्ट २००६ मधली दुपार. तेव्हाच्या औरंगाबादेत एका जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी विज्ञान विभाग सांभाळत होते. समोर उभी असलेली मुलगी केज तालुक्यातली, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएच.डी. करणारी. दुसऱ्या दिवशी गाइडना सिनॉप्सिसचा, म्हणजे प्रबंधाच्या सारांशाचा, मसुदा दाखवायचा होता. तिनं अठरा कंपाउंड, म्हणजे संयुगं, तयार केली होती आणि अठराच्या अठरा नवीन, असं मसुद्यात लिहून टाकलं होतं. गाइड म्हणाले होते, एकदा ग्रंथालयात जाऊन खात्री करून ये. त्याआधी ती नेट कॅफेत तीन तास बसली होती. एकेक नाव टाकलं, काहीच आलं नाही.

"नाव कुठलं टाकलंस?" मी विचारलं.

तिनं वही पुढे केली. अक्षर मोत्यासारखं. नाव मात्र वाचता वाचता दम लागावा इतकं लांब. सुरुवातीला कंसात ब्रोमीन-हायड्रॉक्सीवाली फिनाइलची कडी, मग क्लोरीनवाली दुसरी कडी, आणि शेवटी शेपटीसारखं 'प्रोप-२-ईन-१-ओन'. नाव बरोबर होतं, त्यात काडीचीही चूक नव्हती. पण १९६० साली हे कंपाउंड कोणी बनवलं असेल तर त्यानं त्याला या नावानं हाक मारली नसती. तो सरळ 'चाल्कोन' म्हणाला असता आणि पुढे कुठल्या जागी काय जोडलंय तेवढं लिहिलं असतं.

मी तिला म्हटलं, "तुमच्याकडे पावसाळ्यात बांधावर तरोटा उगवतो ना?"

"हो. माय भाजी करती त्याची."

"कोकणात जाऊन तरोटा माग बरं. कोणी देणार नाही. तिथं तो टाकळा. आणि वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकात तो कॅसिया टोरा, नव्या पुस्तकात सेना टोरा. रोप तेच."

ती हसली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

आमच्या स्टॅक रूममध्ये 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स'चे खंड होते. १९०७ साली अमेरिकेत सुरू झालेलं हे सारसंग्रहाचं नियतकालिक. जगात कुठेही रसायनशास्त्राचा लेख छापून आला, की त्याचा चार-सहा ओळींचा गोषवारा त्यात यायचा. मूळ लेख जर्मनमध्ये असो, रशियनमध्ये असो की जपानीत. २००९ अखेरपर्यंत ते छापील रूपात निघत होतं. आमच्याकडे १९७१ पर्यंतचेच खंड होते. एका संशोधन संस्थेनं जागा नाही म्हणून काढून टाकलेले, आणि आमच्या एका जुन्या प्राचार्यांनी ट्रक पाठवून आणवलेले. त्याआधी आमच्या भागातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना एक संदर्भ बघायचा तर रात्रीची गाडी पकडून हैदराबाद गाठावं लागायचं, नाहीतर पुणे.

हे खंड त्याच वर्षी रद्दीत जाता जाता वाचले होते. साठा पडताळणीच्या समितीनं शेरा मारला होता: 'वापर नाही, जागा अडते, निर्लेखित करावे.' किलोचा भावसुद्धा ठरला होता. मी दोन पानी टिपण लिहून दिलं, तीनदा स्मरणपत्र दिलं, तेव्हा कुठे प्रकरण थांबलं. वापर नाही हे खरंच होतं. कसं वापरायचं हे कोणी शिकवतच नव्हतं, तर वापर होणार कुठून?

आम्ही स्टॅक रूममध्ये शिरलो आणि वीज गेली. लोडशेडिंगचे दिवस होते. परत यायला किमान तीन तास. शिपाई मामा बॅटरी आणि स्टूल घेऊन आले. शिक्का मारल्यासारखी ओल भिंतींवर आणि एकच उंच खिडकी. मामांनी वरच्या फळीवरचा पहिला खंड काढून हातात दिला, तेव्हा त्याच्या पुठ्ठ्याचा भुगा माझ्या पदरावर सांडला.

"आता नाव राहू दे," मी तिला म्हटलं. "सूत्र सांग. कुठला अणू किती."

तिनं वहीत लिहिलं तसं वाचून दाखवलं: "सी पंधरा, एच दहा, ओ दोन, बीआर, सीएल."

फॉर्म्युला इंडेक्समध्ये, म्हणजे सूत्रांवरून लावलेल्या सूचीत, आम्ही त्या क्रमानं शोधलं. नाही सापडलं. ती म्हणाली, "बघा, नाहीच." तिच्या आवाजात सुटका होती. मला मात्र चूक कळली होती. प्रयोगशाळेत सवयीनं ऑक्सिजन आधी लिहितात. इंडेक्सला ते चालत नाही. १९०० साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीतल्या एडविन हिल यांनी क्रम लावून दिला: कार्बन पहिला, हायड्रोजन दुसरा, मग बाकी सगळे इंग्रजी वर्णक्रमानं. म्हणजे ब्रोमीन, मग क्लोरीन, ऑक्सिजन शेवटी. पेटंट कचेरीतल्या माणसालाच हे सुचावं यात नवल नाही. 'हे आधी कोणी केलंय का' हा प्रश्न रोज त्याच्याच टेबलावर येऊन पडणार. नावं बदलोत, भाषा बदलो, अणू मोजले की जागा ठरली.

पहिला मोठा खंड १९२० ते १९४६ असा सत्तावीस वर्षांचा एकत्रित. त्यात त्या सूत्रापाशी आमच्या कामाचं काही नव्हतं. १९४७ ते १९५६च्या खंडातही नाही. मामा स्टुलावरून उतरत, पुन्हा चढत होते. तिसरा गठ्ठा १९५७ ते १९६१चा. मी बॅटरी धरली, ती बोट फिरवत होती. पानं पिवळी, टाइप बारीक, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नजर घसरते. म्हणून मी पट्टी ठेवायला दिली.

पट्टी थांबली.

"चाल्कोन," ती हळू आवाजात वाचू लागली, "पाच-डॅश-ब्रोमो, चार-क्लोरो, दोन-डॅश-हायड्रॉक्सी."

तिचंच कंपाउंड. तिच्या जन्माच्या वीस वर्षं आधी कोणीतरी बनवून, गाळून, वाळवून, नोंदवून ठेवलेलं. तिनं पट्टी उचलली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ग्रंथपालाला सापडल्याचा आनंद होतो आणि त्याच क्षणी समोरच्याचं काहीतरी हरवतं, असे दिवस या नोकरीत थोडेच आले, पण आले.

तिला जरा वेळ मिळावा म्हणून मी खालची ओळ वाचली. त्याच सूत्राखाली, वर्णक्रमानं पुढे, आणखी एक नोंद होती: 'फ्लॅव्हनोन, सहा-ब्रोमो, चार-डॅश-क्लोरो.' मला त्यातलं रसायनशास्त्र फारसं कळत नव्हतं. मी सहज विचारलं, "हा कोण? सूत्र तेच दिसतंय."

ती एकदम सरळ उभी राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "माझा माल फिक्का येतोय."

मग ती भराभर बोलत गेली आणि मी ऐकत गेले. चाल्कोन पिवळंधमक यायला हवं होतं, तिचं सायीसारखं फिकट येत होतं. मेल्टिंग पॉइंट एका जागी ठरत नव्हता. वितळायला लागल्यापासून पूर्ण वितळेपर्यंत आठ अंश जायचे, आणि शुद्ध पदार्थ तर एक-दोन अंशांत वितळून मोकळा होतो. तिला वाटायचं ओलावा राहिला असेल, म्हणून ती पुन्हा पुन्हा वाळवत होती. कार्बन-हायड्रोजनच्या टक्केवारीचा रिपोर्ट तंतोतंत जुळला होता, त्यामुळे संशयच आला नव्हता. रेणूची रचना सांगणाऱ्या एनएमआर चाचणीसाठी नमुना बाहेरगावी पाठवून दोन महिने झाले होते, उत्तर नव्हतं.

टक्केवारी जुळणारच होती. अशा चाल्कोनमधला हायड्रॉक्सी गट अल्कलीत शेजारच्या दुहेरी बंधावर वळतो आणि नवी कडी बांधतो. तयार होतं फ्लॅव्हनोन. एक अणू बाहेर गेला नाही, एक आत आला नाही. घर तेच, भिंती फिरवलेल्या. वजन केलं तरी तेच, टक्के काढले तरी तेच. तिच्या चंचुपात्रात दोघं एकत्र नांदत होते आणि ती त्यांना एक समजून महिनाभर वाळवत बसली होती. फ्लॅव्हनोन होऊ शकतं हे तिला पुस्तकातून माहीत होतं. एम.एस्सी.च्या परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं. पण आपल्या बाटलीत ते झालं असेल हे दोन नोंदी एकाखाली एक छापलेल्या दिसेपर्यंत मनात आलं नव्हतं.

नोंदीपुढच्या आकड्यांवरून आम्ही मूळ गोषवारा काढला. त्या काळच्या खंडांत पानाला नव्हे, स्तंभाला क्रमांक असतो आणि पुढे एक छोटं अक्षर. 'ए' म्हणजे स्तंभाच्या माथ्याशी, 'आय' म्हणजे तळाशी. आमचं अक्षर होतं 'एफ'. बरोबर मधल्या भागात, सात ओळींत, दोन्ही पदार्थ आणि दोघांचे वेगवेगळे मेल्टिंग पॉइंट. मामांनी बॅटरी इतकी जवळ धरली होती, की काच कागदाला टेकायची बाकी होती. तिनं आकडे उतरवून घेतले. झेरॉक्स बंद होती, म्हणून गोषवारा अक्षरन् अक्षर हातानं लिहून घेतला. मग म्हणाली, "मॅडम, मी लॅबला जाते. टीएलसी टाकून बघते." टीएलसी म्हणजे लेप दिलेल्या प्लेटवर मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे ठिपके होऊन सुटतात का ते बघणं. तिनं आधीही प्लेट टाकली होती, पण दोन ठिपके एकमेकांना चिकटून आल्यानं तो एकच लांबट डाग समजला होता.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी ती दोन कुप्या घेऊन आली. एकीत हळदीसारखी पिवळी भुकटी, दुसरीत पांढरीशुभ्र. सिलिका भरलेल्या नळीतून वेगळे केलेले. दोघांचे मेल्टिंग पॉइंट त्या सात ओळींतल्या आकड्यांशी जुळले होते. कुप्या तिनं माझ्या टेबलावर ठेवल्या आणि मामांना आतून बोलावून आणून दाखवल्या. जंतूंवरची चाचणीही तिनं पुन्हा लावली. आधी मिश्रणाभोवती पेट्री डिशमध्ये जे जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ उमटत होतं ते जवळजवळ सगळं पिवळ्याचं होतं. पांढऱ्याभोवती नावापुरतंच. मसुद्यातला तो तक्ता तिनं पूर्ण खोडून नव्यानं केला. गाइडना सगळं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत, उलट प्रबंधात एक स्वतंत्र प्रकरण याचंच कर म्हणाले.

आज कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, रेणूची रचना रेखाटून दिली की मशीन सांगतं. खरं आहे. पबकेम हा रसायनांचा ऑनलाइन संग्रह २००४ मध्येच सुरू झाला होता आणि फुकट होता; आमच्या भागात तो कोणाला ठाऊक नव्हता, एवढंच. आता मी मुलांना पहिल्या दिवशी तोच उघडून दाखवते. जीवशास्त्रवाले १९९० पासून ब्लास्ट नावाचा संगणकी शोध वापरतात. जनुकाचं नाव नव्हे, त्यातली अक्षरांची माळच घालायची, आणि जिथं जिथं तशी माळ आहे तिथून उत्तर येतं. गोष्ट तीच, हिल यांचीच: नावाला न विचारता वस्तूलाच विचारायचं. अभियांत्रिकीत मात्र हे अजून नीट जमत नाही. साखर कारखान्यातला कोणी बाष्पकाच्या नळ्यांवर बसणाऱ्या थराबद्दल विचारायला आला, की मला आजही शब्दांचाच माग काढावा लागतो, कारण बिघाडाला सूत्र नसतं. १८८४ पासून चालत आलेला एंजिनिअरिंग इंडेक्स शब्दांवरच उभा आहे. तिथं एकाच गोष्टीची पाच नावं शोधणाऱ्यालाच आठवावी लागतात.

पण त्या ऑगस्टमध्ये उरलेली सतरा कंपाउंड बाकी होती. ती रोज दुपारी यायची. आमच्या खंडांत एकूण सात सापडली. राहिली अकरा. १९७२ नंतर केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्सनं नावांची पद्धतच बदलली. 'चाल्कोन'चं शीर्षक जाऊन सगळं 'टू-प्रोपेन-वन-ओन'खाली गेलं, आणि ते खंड आमच्याकडे नव्हतेच. पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात माझी मैत्रीण होती, तिच्याकडे रचनेवरून शोधायची सोय होती. मी तिला अकरा सूत्रं आणि हातानं काढलेल्या आकृत्या फॅक्सनं पाठवल्या.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. मुलगी माझ्या टेबलासमोरच बसलेली. मैत्रीण एकेक क्रमांक वाचत होती आणि मी कागदावर खुणा करत होते. आहे. आहे. आहे. मुलगी खुणा मोजत होती, काही बोलत नव्हती. अकरापैकी आठ गेली. मग मैत्रीण म्हणाली, उरलेली तीन मिळाली नाहीत, कुठेच नाहीत.

ग्रंथपालाला 'आहे' म्हणणं सोपं असतं. 'नाही' म्हणायला हात धजत नाही, कारण 'नाही'चा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो, की आपण चुकीच्या जागी बघितलं. मी रिसीव्हरवर हात ठेवून तिला सांगितलं, तुझी तीन उरली. वाटलं होतं, उडी मारेल.

ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "मॅडम, त्यांना एकदा अजून बघायला सांगा ना. ब्रोमीन आधी घेतलंय का, ऑक्सिजन शेवटी हाय का, तेवढं विचारा."